तांबेकाकांचा आकडा

रामजी तांबे रविवारी भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर यायचे बंद झाले, त्याला तीन आठवडे होऊन गेले होते. गुडघा दुखतो, असं त्यांनी ग्रुपवर कळवलं होतं. गुडघा दुखत होता हे खरं, पण तो गेली सहा वर्षं दुखतच होता.

टपरीवर जमणारी माणसं तशी चारपाचच. सगळ्यांकडे विजेवर चालणाऱ्या गाड्या. समुद्राकडे तोंड करून गाड्या लावायच्या, समुद्राकडे पाठ करून चहा प्यायचा, आणि कोणाची गाडी एका युनिटमध्ये किती किलोमीटर धावली यावर तासभर वाद घालायचा, असा त्यांचा नेम होता. कंपनीने सांगितलेला आकडा तिथे स्थळाच्या पत्रिकेत लिहिलेल्या पगाराइतकाच खरा मानला जाई. आरे-वारेचा चढ चढल्यावर काय राहिलं, एसी लावून पावसला जाऊन आल्यावर काय राहिलं, ते बोला.

वादात सर्वांत पुढे अजिंक्य. त्याचं कुवारबावला फरशांचं दुकान होतं, गाडी मोठी आणि आवाज त्याहून मोठा. योगिनी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. रामजी हे वीजबिलाच्या कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले, माणसांपेक्षा पुस्तकांत जास्त रमणारे. तासाभरात ते फार तर दोन वाक्यं बोलत, आणि घरी परतताना त्यातलं एक तरी बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटे.

तरी आकड्याच्या बाबतीत त्यांचा शब्द प्रमाण होता. बाकीचे तोंडी बोलत, रामजी लिहून ठेवत. कुठे गेलो, किती माणसं होती, एसी चालू की बंद, चढ किती. "तांबेकाकांचा आकडा म्हणजे तहसीलदाराचा शिक्का," असं अजिंक्यच म्हणायचा.

आणि तिथेच घोटाळा झाला होता.

रामजींच्या वहीतला आकडा सगळ्यांत कमी होता. एका युनिटला सहा पूर्णांक एक किलोमीटर. योगिनीची तशीच लहान गाडी, ती सात पूर्णांक चार द्यायची. अजिंक्यचा तो रणगाडा, तोसुद्धा सहा पूर्णांक आठ. रामजींनी टायरमधली हवा तपासली, एसी बंद केला, सायकलवाले पुढे जातील इतकी गाडी हळू चालवली. आकडा हलला नाही. म्हणजे एकतर गाडी घेताना आपण फसलो, नाहीतर आपल्याला चालवता येत नाही. फंडाच्या पैशातून गाडी घ्यायचा हट्ट त्यांचाच होता. आयुष्यातला तो त्यांचा बहुधा एकमेव हट्ट, आणि तोही वाया गेला की काय, या विचाराने त्यांना रात्री झोप लागत नसे.

तीन आठवड्यांपूर्वी योगिनीने सगळ्यांचे आकडे एका तक्त्यात मांडायला घेतले. अजिंक्यने ग्रुपवर लिहिलं, "काका, तुमची बैलगाडी किती देते? लाजू नका." रामजींनी चष्मा पुसला, सहा पूर्णांक एक असं लिहिलं, खोडलं, आणि सात पूर्णांक तीन असं पाठवून दिलं. योगिनीच्या गाडीपेक्षा मुद्दाम थोडा कमी, म्हणजे कोणी शंका घेणार नाही. ग्रुपवर चार अंगठे आले. त्या दिवसापासून त्यांचा गुडघा जास्तच दुखू लागला.

शनिवारी संध्याकाळी तेजल घरी आली. रामजींच्या बायकोच्या, शालनच्या, मैत्रिणीची ही मुलगी हेदवीजवळच्या एका शाळेत शिक्षिका होती. तिकडे खोली घेऊन राहायची आणि शनिवारी रत्नागिरीला आईकडे यायची. दोन बस आणि मध्ये जयगडची खाडी ओलांडणारी फेरीबोट. कधी बस चुकली तर बोट चुके, कधी बोट चुकली तर बस.

"मावशी, गाडी घेतेय," तिने आल्या आल्या सांगितलं. "काकांच्याच गाडीसारखी, सेकंडहँड. रितेश म्हणून एकजण विकतोय. उद्या संध्याकाळी विसार द्यायचा."

"अगं पण तिकडे चार्जिंग?" शालनने विचारलं.

"तिकडे नाहीच. घरमालकाला वाटतं, माझी गाडी त्याचं मीटर पळवेल. म्हणून तर तक्त्यातल्या काकांच्या आकड्यावर हिशोब केला. बॅटरी चोवीस युनिटची. सात पूर्णांक तीनने एकशे पंचाहत्तर किलोमीटर. जाऊन-येऊन माझे होतात एकशे चौतीस. सोमवारी इथून भरून निघायचं, शनिवारी परत यायचं. आई नको म्हणत होती. मी म्हटलं, तांबेकाकांचा आकडा आहे, अजिंक्यदादाचा नाही."

रामजी समोरच्या पुस्तकात बघत राहिले. मनातल्या मनात त्यांचा गुणाकार कधीच झाला होता. सहा पूर्णांक एकने एकशे शेहेचाळीस. म्हणजे शेवटी बारा किलोमीटर उरणार. वाटेत कुठे वळसा पडला, गाडीत आणखी एक माणूस बसलं, तर ही पोर माळरानावर उभी राहणार, आणि गाडी घेण्यात साठवलेलं सगळं घालून बसणार.

"उद्या टपरीवर या काका," जाताना तेजल म्हणाली. "सगळ्यांना चहा माझ्याकडून."

जेवताना रामजींनी शालनला सगळं सांगितलं. तिने भाकरी तव्यावर उलटली आणि विचारलं, "आणि हे तुम्ही तिच्यासमोर का नाय बोललात?"

"तोंडात आलं होतं."

"मग गिळलंत. चौतीस वर्षं लोकांची बिलं तपासलीत. एखाद्याने रीडिंग चुकीचं लिहिलं तर घरी येऊन दोन दिवस धुमसत बसायचात."

"लोक हसतील."

"हसतील. अजिंक्य तर लोळेल. मग काय? गुडघ्याच्या नावाने किती रविवार काढणार? उद्या मी पण येते. तुम्ही एकटे गेलात तर चहा पिऊन तसेच परत याल, मला ठाऊक आहे."

सकाळी सातला रामजी टपरीवर हजर झाले, मागे शालन. तेजल आधीच आली होती.

"या या," अजिंक्य म्हणाला. "गुडघा काय म्हणतो? मावशी, तुम्ही पण? आज काही खास?"

रामजींनी रात्री मनात चार वाक्यं जुळवून ठेवली होती. पहिल्या वाक्याची सुरुवात 'वस्तुस्थिती अशी आहे की' अशी होती. ती चारही वाक्यं भाट्याच्या वाऱ्यावर उडून गेली.

"तेजल, गाडी घेऊ नकोस," ते म्हणाले. "मी खोटं लिहिलं होतं. सात पूर्णांक तीन नाही. सहा पूर्णांक एक आहे. पहिल्यापासून तेवढंच आहे."

टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला.

"का पण, काका?" योगिनीने हळूच विचारलं.

"तुमच्या सगळ्यांचे जास्त होते. माझाच कमी. लाज वाटली."

अजिंक्य हसेल म्हणून रामजींनी मान खाली घातली होती. पण अजिंक्य हसला नाही. तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "सहा पूर्णांक एक? काका, तुमच्याइतकी हळू गाडी तर नवरदेवाची पण चालत नाही. माझ्यापेक्षा कमी येईलच कसं? मोजता कसं तुम्ही?"

"किलोमीटर गाडीत बघतो. युनिट मीटरवर."

"कुठल्या मीटरवर?"

"घराच्या मागच्या भिंतीवर. गाडीसाठी वेगळा सबमीटर बसवलाय ना. मला वाकता येत नाही, शालन वाचते आणि मी लिहितो."

"आणि गाडीच्या स्क्रीनवर ॲव्हरेज येतं, ते?"

"ते मी बघत नाही. ते गाडी स्वतःच सांगते, स्वतःबद्दल. त्याला रीडिंग कसं म्हणायचं?"

अजिंक्यने योगिनीकडे बघितलं. योगिनीने कप खाली ठेवला आणि रामजींच्या गाडीकडे हात केला. रामजींनी किल्ली दिली. तिने आत बसून दोनतीन बटणं दाबली आणि काच खाली केली.

"सात पूर्णांक दोन," ती म्हणाली.

रामजींना काहीच समजेना. योगिनी बाहेर आली आणि वर्गात शिकवावं तसं शांतपणे सांगू लागली. "काका, विहिरीवरून दहा कळशा पाणी आणलं, तर घरात दहा पोचतं का? थोडं वाटेत हिंदकळतं. चार्जिंग करताना पण तसंच होतं. भिंतीतून निघालेली सगळी वीज बॅटरीत जात नाही, थोडी उष्णतेत जाते. तुम्ही विहिरीवर मोजत होता. आम्ही सगळे घरातल्या हंड्यात मोजत होतो."

"म्हणजे बिल विहिरीचं येतं," शालन म्हणाली.

"बरोबर, मावशी. बिलाला काकांचा आकडा खरा. पण गाडी किती लांब जाईल, त्याला हंड्यातला खरा."

अजिंक्यचा चेहरा पडला होता. "थांब जरा. म्हणजे मी बायकोला किलोमीटरमागे जो खर्च सांगत आलोय, तो...?"

"कमी सांगत आलायस," योगिनी म्हणाली.

"दोन वर्षं?" तो बाकावर बसला. "काका, तुम्ही नसता आलात आज तर काय बिघडलं असतं?" मग मात्र तो हसायला लागला. "आणि एवढं करून खोटं बोललात किती, तर एक दशांश. सात पूर्णांक दोनचं तीन केलंत. काका, यालाही धाडस लागतं."

सगळे हसले, रामजीही अर्धवट हसले. तेजल मात्र हसली नव्हती. तिची आई पहिल्यापासून नको म्हणत होती, आणि आता एकाच गाडीचे दोन आकडे समोर होते.

"मला कळशा-हंडा कळलं," ती म्हणाली. "पण काका, मी घेऊ की नको?"

आता खरी पंचाईत झाली. एवढा मोठा सल्ला रामजींनी जन्मात कोणाला दिला नव्हता. हो म्हणावं तर पुन्हा चूक झाली तर? नाही म्हणावं तर पोर आणखी वर्षभर बस आणि बोट यांच्यामागे धावणार. त्यांनी शालनकडे बघितलं. शालन समुद्राकडे बघत होती. मुद्दामच.

"मला सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण माझी गाडी शंभर टक्के भरलेली आहे. आत्ता जाऊन येऊया. तू चालव."

अजिंक्यने शिट्टी वाजवली. पावसपेक्षा लांब ही गाडी कधी गेली नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं.

तिघं निघाली. शालन मागे, रामजी पुढे, मांडीवर वही. आरे-वारेच्या चढावर टक्के भराभर उतरले तसा त्यांनी दरवाजाच्या वरची कडी धरली. उतारावर थोडे परत आले तेव्हा सोडली. गणपतीपुळ्याला पर्यटकांच्या गर्दीत पंधरा मिनिटं गेली.

"एसी बंद करू?" तेजलने विचारलं.

"नको. तू सोमवारी बंद करणार आहेस का? रोजच्यासारखी चालव."

जयगडला गाडी फेरीबोटीवर चढली. शालन खाली उतरून कठड्याला उभी राहिली आणि म्हणाली, "लग्नानंतर एवढं लांब पहिल्यांदाच आणलंत हो. तेही खोटं बोललात म्हणून." रामजी तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

तेजलच्या शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा एकसष्ट टक्के उरले होते. परतीच्या वाटेवर चाफे गावाच्या पुढचा चढ संपला तेव्हा अडतीस. रामजींच्या घराच्या अंगणात गाडी उभी राहिली तेव्हा बावीस. किलोमीटर एकशे चौतीस नव्हे, एकशे छत्तीस भरले होते, कारण शालनने वाटेत सुकी मासळी घ्यायला गाडी वळवायला लावली होती.

रामजींनी वहीच्या समासात भागाकार केला, पुन्हा केला. "पूर्ण भरली तर एकशे सत्तर जाईल. तीस-पस्तीस हाताशी राहतात. घे तू," ते म्हणाले, आणि आपण असं काही ठामपणे बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं.

तेजलने तिथेच ओट्यावर बसून रितेशला फोन लावला. "गाडी घेते मी," ती म्हणाली, "पण किंमत जमत नाही. याच गाडीचा खरा ॲव्हरेज मीटरवर सहा पूर्णांक एकच पडतो. तांबेकाकांनी वर्षभर मोजलाय. दहा हजार कमी करा." पलीकडून काहीतरी विचारणा झाली. "थांबा, तेच आहेत इथे, त्यांनाच विचारा." तिने डोळे मिचकावले आणि फोन रामजींच्या हातात दिला.

"नमस्कार," रामजी म्हणाले. "हो. मीटरवर सहा पूर्णांक एक, बरोबर आहे." तेजलने मान डोलावली. पलीकडून रितेशने आणखी काही विचारलं. रामजींनी एकदा तेजलकडे बघितलं, एकदा वहीकडे. "नाही, नाही, गाडी उत्तम आहे. आजच हेदवीला जाऊन आलो, एसी लावून, तीन माणसं. अजून बावीस टक्के आहे. या किमतीला स्वस्तच म्हणायची."

तेजलने कपाळावर हात मारला. फोन परत घेऊन तिने दोन मिनिटं घासाघीस केली. रितेशने हजार रुपये सोडले, तेही पायपुसण्या नव्या घालाव्या लागतील म्हणून.

फोन ठेवून ती रामजींच्या समोर उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर. "काका, एकदाच खोटं बोलायचं होतं ना तुम्हाला? मग ते आज बोलायचं होतं."

"आता कसले बोलतायत," शालन म्हणाली आणि मासळीची पिशवी घेऊन आत गेली. "जेवून जा गं. यांच्या आकड्यापायी सकाळपासून कोणाच्या पोटात काही नाही."