दुपारचं चांदणं

माहेरी आलेल्या दाक्षायणीला चांदण्यातलं डोहाळजेवण हवं होतं आणि तिच्या सासरच्या, वैरागच्या पाहुण्यांना संध्याकाळची एसटी गाठायची होती. या दोन गोष्टींचा मेळ घालायचं काम तिच्या आईने, गौरम्माने, सुनेवर सोपवलं.

सून चंद्रव्वा, माहेर करकंबचं, शेतीतलं. लग्न होऊन वर्ष झालं होतं. सोलापुरातल्या या घराच्या मागच्या अंगणापलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये चादरींचे माग होते. घरचे त्याला कारखाना म्हणत. सुताच्या कांड्या भरण्यापलीकडे चंद्रव्वाला तिथलं काही येत नव्हतं आणि कुणी शिकवलंही नव्हतं. पण कागद, कात्री आणि खळ हाताशी आली की तिचा हात चालू लागे. संक्रांतीला शेजारच्या बाळाच्या बोरन्हाणाला तिने हलव्याचा मुकुट आणि बासरी केली होती. ती बघायला गल्लीतल्या बायका दोन दिवस येत होत्या. गौरम्माने ते लक्षात ठेवलं होतं.

"दाक्षीच्या जावेचं त्यांनी नावेतलं केलं म्हणे," गौरम्मा म्हणाली. "वैरागात नाव. बघ आता."

"पाण्याबिगर?"

"दोन बाकं जोडली, पुढं पुठ्ठ्याचं टोक लावलं, झाली नाव. आणि वर ती काशम्मा, दाक्षीची सासू, निरोप पाठवते, सोलापूरकरांचा थाट बघायला येतो म्हणून."

दाक्षायणी उंबऱ्यात पाय पसरून बसली होती. सातवा महिना होता. "वैनी, ते बागेतलं, झोपाळ्यातलं नको हं," ती म्हणाली. "फुलं सुकून जातात. मला चांदणंच पाहिजे."

"दुपारी?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

चंद्रव्वाने दोन दिवस विचार केला. चांदणं पाडायचं तर आधी अंधार हवा. घरात तो मिळणं अवघड होतं, कारण सगळीकडे खिडक्या. कारखान्याला मात्र दक्षिणेला एकच मोठी खिडकी होती. माग सुट्टीच्या दिवशी बंद असत. दाराला जाड चादर लावली तर आत उजेड यायला तेवढी खिडकीच उरत होती.

चांदण्याही कारखान्यातच सापडल्या. प्रत्येक मागावर जकार्ड, म्हणजे नक्षी उमटवणारं यंत्र होतं आणि त्यातून पुठ्ठ्यांची लांब माळ फिरायची. एक पुठ्ठा म्हणजे चादरीतली एक आडवी ओळ. पुठ्ठ्याला जिथे भोक, तिथला उभा धागा वर उचलला जातो. जिथे भोक नाही, तिथला खाली राहतो. अशा शेकडो पुठ्ठ्यांतून चादरीवर फूल किंवा पक्षी उमटतो. डिझाईन जुनं झालं की माळ उतरवून माळ्यावर टाकायची, असा घरातला रिवाज होता. अशी एक माळ खिडकीवर पडद्यासारखी सोडली तर दुपारचं ऊन भोकाभोकातून आत येईल, हे चंद्रव्वाच्या ध्यानात आलं.

"जुनी घे की. माळ्यावर ढीग पडलाय," गौरम्मा म्हणाली.

पुठ्ठ्यांना भोकं पाडायचं काम तिप्पण्णा करत. ते रुद्रप्पांचे, म्हणजे चंद्रव्वाच्या सासऱ्यांचे, थोरले भाऊ. घरातली लहान माणसं त्यांना दोड्डप्पा म्हणत. आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवलेलं डिझाईन समोर ठेवायचं, ओळ वाचायची, पंचाने भोकं पाडायची, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. आता डोळे साथ देत नव्हते. डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं होतं. त्यांनी एकच शेवटची माळ मागून घेतली आणि सहा महिने खपून पुरी केली. समोरासमोर दोन राजहंस आणि मध्ये पसरलेलं पाणी. डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी ती मागावर चढायची होती. त्यानंतरच्या माळा बाजारातून करून आणायच्या, असं रुद्रप्पांनी ठरवलं होतं. तिप्पण्णांनी त्यावर मान डोलावली होती.

चंद्रव्वाने कारखाना झाडून घ्यायला सांगितला. भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेलं सगळं उतरवून ठेवा, असंही सांगितलं. त्याप्रमाणे तिप्पण्णांनी आपली माळ खिळ्यावरून काढली, नीट घडी घातली आणि उंदरांपासून जपायला माळ्यावर, जुन्या ढिगाच्या वर ठेवली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी चंद्रव्वा शिडीवर चढली आणि ढिगातली सगळ्यात वरची माळ घेऊन खाली आली. पुठ्ठे धड होते, दोरे मजबूत होते. चांगली मिळाली, असं तिला वाटलं.

खिडकीला लावून पाहिली तेव्हा उणीव दिसली. काही जागी भोकांची दाटी होती आणि मध्ये मोठा भाग कोराच होता. तिथे अंधारच पडे. तिने ओसरीवर पडलेल्या तिप्पण्णांना विचारलं, "दोड्डप्पा, तुमचा पंच घिऊ का जरा? चांदण्या कमी पडाय लागल्यात."

"घे की. जुन्या पुठ्ठ्यावर चालव म्हणजे झालं," ते डोळे मिटूनच म्हणाले.

तिने कोऱ्या जागेत मनाला येतील तशा चांदण्या विखरून पाडल्या. पंचातून पडलेल्या टिकल्याही वाया घालवल्या नाहीत. सिगारेटच्या पाकिटांतली चांदी कापून एकेकीवर चिकटवली आणि हिरव्या साटीनच्या पट्ट्यांवर त्या बसवून दाक्षायणीसाठी दागिने केले. बाजूबंद, कंबरपट्टा आणि वेणीवरची चंद्रकोर. फुलांचे दागिने सुकतात, हे सुकणार नव्हते.

कार्यक्रमाच्या दिवशी जेवणं आधी उरकली. खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, काशम्माने दोनदा घेतली आणि गूळ जरा कमी पडल्याचं सांगितलं. मग सगळ्या बायका अंगण ओलांडून कारखान्यात आल्या. दारावरची चादर खाली सोडली.

मागांच्या सांगाड्यांवर, जमिनीवर, बायकांच्या खांद्यांवर उजेडाचे गोल ठिपके पडले होते. खिडकीतून वारा आला की माळ हलायची आणि सगळं आभाळ जरासं सरकायचं. मागाच्या बाकावर हिरव्या साडीत दाक्षायणी बसली होती. तिच्या दंडावरची चांदी मध्येच चमकत होती.

"आमची नाव बरी होती," काशम्मा म्हणाली, "पण नावेत असताना वर असलं काही नव्हतं." तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं. गौरम्माने अंधारात सुनेचा हात दाबला.

वैरागकरांनी आणलेलं कुबसाचं, म्हणजे डोहाळजेवणाचं, खण-पातळ दाक्षायणीला दिलं. ओटी भरायला सुरुवात झाली तेव्हा तिप्पण्णा पुतणीला आशीर्वाद द्यायला आत आले. चालता चालता त्यांचा हात सवयीने खिडकीवरच्या पुठ्ठ्यांवरून फिरला आणि थांबला. एका पुठ्ठ्याच्या कडेला ते नेहमी घालत ती बारीक खाच होती. बोटं पुढे गेली. पाण्याच्या कोऱ्या जागेत एक भोक लागलं, मग आणखी एक.

चंद्रव्वा ओटीचं तबक घेऊन जवळच उभी होती. तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि खिडकीकडे पाहिलं. भिंतीवरचा रिकामा खिळा तिला त्या वेळी आठवला.

"दोड्डप्पा," ती हळू आवाजात म्हणाली, "ही तुमची हाय?"

"हंसांची," ते म्हणाले. "आधी ओटी भर. मागनं बघू."

तिने ओटी भरली. दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या. दाक्षायणीने उचललेल्या वाटीखाली बर्फी निघाली. मुलगी होणार म्हणून हसणं-चिडवणं झालं. चंद्रव्वाही हसली, पण आपण कशाला हसतोय ते तिला कळत नव्हतं. सहा महिन्यांचं काम, आणि पुन्हा कधी व्हायचं नाही असं. तिने त्यावर मन मानेल तशी भोकं पाडली होती. उद्या सकाळी ती माळ मागावर चढणार होती.

निघताना काशम्माने दाक्षायणीच्या दंडावरचा बाजूबंद सोडवून हातात घेतला. "हा मी नेते. थोरलीच्या पोरीला दाखवते."

चंद्रव्वा काही बोलणार तेवढ्यात तिप्पण्णा म्हणाले, "न्या की, विहीणबाई."

एसटी स्टँडकडे टांगा गेला. दारावरची चादर काढल्यावर कारखान्यात नेहमीचा उजेड आला. माळ जमिनीवर पसरली होती आणि दोघं तिच्या दोन बाजूंना बसले.

"नुसता कागद लावून चालत नाही," तिप्पण्णा म्हणाले. "जकार्डाची सुई टेकते, कागद फाटतो. पुठ्ठ्याचीच टिकली बसवायची, दोन्हीकडून पातळ कागद, कीड लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद. टिकल्या कुठं आहेत?"

तिने कंबरपट्टा आणि चंद्रकोर पुढे केली.

"आणि बाकीच्या?"

"बाजूबंदावर. वैरागला गेल्या. तुमीच न्या म्हणालात की."

तिप्पण्णा पहिल्यांदा हसले. "म्हणालो खरं. टिकल्या जुन्या पुठ्ठ्यांतून पाडू, त्याचं काही नाही. पण भोकं किती पाडलीस त्याचा हिशेब गेला की. आता एकूण एक पुठ्ठा तपासायला लागणार. आणि मला तर दिसत नाही."

"मला दिसतंय," चंद्रव्वा म्हणाली.

"पंच एकच. माझं भोक कुठलं आणि तुझं कुठलं, कसं ओळखशील?"

त्यांनी कोनाड्यातून आलेखाच्या कागदाची गुंडाळी काढायला सांगितली.

सकाळी रुद्रप्पा कारखान्यात आले तेव्हा माग थांबलेला आणि सून जमिनीवर कागदावर वाकलेली.

"माळ का चढली नाही, अण्णा?"

"तपासतोय," तिप्पण्णा म्हणाले. "घाई काय आहे."

चंद्रव्वा उठून उभी राहिली. पदर सारखा केला. "मामंजी, जुनी समजून मी ही खिडकीला लावली. वर भोकं पाडली. पाण्यात."

रुद्रप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते भावाकडे पाहत होते. "चांदणं म्हणून सगळी गल्ली वाखाणतीय, ते हे होय?"

"हेच," तिप्पण्णा म्हणाले.

"आता?"

"ती ओळ वाचते. मी सांगतो. चुकली की तिला बोलतो."

"दोड्डप्पा लई बोलतात," चंद्रव्वा म्हणाली.

रुद्रप्पा दुसऱ्या मागाकडे गेले. दुपारी त्यांनी गौरम्माला सांगितलं की सुनेला चार दिवस चुलीपासून मोकळं ठेव. चार दिवसांनी भागलं नाही.

पहिल्या दिवशी तिला आलेखातल्या चौकटी डोळ्यांपुढे नाचू लागल्या. तिप्पण्णा डोळे मिटून बसत. ती म्हणे, "पाच भरल्या, मग कोरं, मग दोन भरल्या." ते बोटाने पुठ्ठा चाचपत आणि म्हणत, "कोरं किती? नुसतं कोरं म्हणू नये. कोरंही मोजायचं असतं." जिथे आलेखात कोरं आणि पुठ्ठ्यात भोक, तिथे टिकली बसवायची. दागिन्यांवरची एकेक टिकली ती नखाने सोडवे, चांदी पुसून काढे आणि परत पुठ्ठ्यात बसवे. दाक्षायणी येऊन बघे आणि म्हणे, "माझा कंबरपट्टा संपला वाटतं." पुढच्या आठवड्यात चंद्रव्वा आलेख न अडखळता वाचू लागली. हंसाची मान कुठल्या पुठ्ठ्यापासून वळते हे तिला तोंडपाठ झालं.

माळ मागावर चढली त्या दिवशी घरातले सगळे कारखान्यात आले. तिप्पण्णा मागाजवळ स्टुलावर बसले. काठ झाला, पाणी सुरू झालं, मग हंसांची पोटं आली, माना आल्या. चंद्रव्वा विणलेल्या भागावर नजर ठेवून उभी होती. हंसांच्या चोचींमधल्या निळ्या पाण्यात एक पांढरा ठिपका दिसला. मग त्याच ओळीत पुढच्या जोडीच्या मध्येही तसाच, चादरीच्या पन्हाभर.

"थांबवा," ती म्हणाली. माग थांबला.

"राहिलं?" तिप्पण्णांनी विचारलं.

"एक राहिलंय, दोड्डप्पा."

रुद्रप्पा चादरीवर वाकले. ठिपक्यावर अंगठा फिरवला. "कुठल्या पुठ्ठ्यात?" त्यांनी भावाला विचारलं.

तिप्पण्णा स्टुलावरून उठले नाहीत. "तिला विचार," ते म्हणाले.

चंद्रव्वाने काठापासून ठिपक्यापर्यंत आडव्या ओळी नखाने मोजल्या. मध्ये एकदा थांबून पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. मग शिडी लावून जकार्डाकडे चढली, माळ हाताने मागे फिरवली, एक पुठ्ठा धरला आणि तो खिडकीकडे करून पाहिला. हंसांच्या भोकांच्या दाटीपासून दूर, कोऱ्या जागेत, उजेडाचा एक बारीक गोल होता.

"हाय," ती वरूनच म्हणाली. "घावला."

तिने खळ मागितली. टिकली बसवली, दोन्हीकडून कागद लावला आणि सुकेपर्यंत शिडीवरच फुंकर घालत राहिली. माग पुन्हा सुरू झाला. पुढची हंसांची जोडी आली तेव्हा मधलं पाणी स्वच्छ होतं.

ठिपक्याची ती पहिली चादर गिऱ्हाइकाला देता येण्यासारखी नव्हती. गौरम्माने ती धुऊन, उन्हात वाळवून दाक्षायणीच्या खोलीत बाळासाठी ठेवली. वैरागहून बाजूबंद परत आला नाही आणि कुणी मागितलाही नाही.

आठवड्याभराने रुद्रप्पा नव्या डिझाईनचा आलेख घेऊन आले. बाजारात माळ करायला टाकायच्या आधी अण्णांना दाखवतो, असं म्हणत त्यांनी तो कारखान्यात तिप्पण्णांच्या चटईवर ठेवला आणि निघून गेले. परत न्यायला ते आले नाहीत. तिप्पण्णांनी दुसऱ्या दिवशी चटई ओढून खिडकीच्या उजेडात घेतली, पंचाची पेटी आपल्या उजव्या हातापासून पलीकडे सरकवली आणि चंद्रव्वाला हाक मारली.

"कांड्या झाल्या असतील तर ये," ते म्हणाले. "आणि हे बघ, पहिलीच ओळ कोरी आहे. मोजून सांग."