नमदा काढला म्हणे

"अरे एसेनकान, ऐकलंस का? कालमुरातनं त्या रेडिओवरचा नमदा काढला म्हणे, आणि आता तर..."

पुढचं मला ऐकूच आलं नाही. शेजारच्या तुर्सुनायच्या दुकानात गिऱ्हाईक आलं, नान मागायला लागलं, तशी ती बोलता बोलता दारातूनच माघारी फिरली. तिची ही सवय मला मुळीच आवडत नाही. बातमी द्यायची तर पुरती तरी द्यावी.

मी क्वार्ट्झचा एक स्फटिक बोलतोय. तेव्हा मी डोंगराखालच्या कोचकोर गावच्या बाजारात, एसेनकानच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, एका खणातल्या काडेपेटीत पडून होतो. त्या अर्ध्या बातमीनं माझा जीव वरखाली का झाला, ते सांगतो.

मी डोंगरात सापडलेला नाही. पोलादी भांड्यात, गरम पाण्यात, सावकाश वाढलेला आहे. मग माझ्या कांडीच्या चकत्या कापल्या. माझ्या अगदी अंगाला लागून जी चकती निघाली, तो माझा भाऊ. आम्हाला चांदीचा मुलामा दिला, पत्र्याच्या डब्यांत बंद केलं आणि डब्यावर आकडे छापले. वीज लागली की आम्ही थरथरतो, ज्याच्या त्याच्या ठरलेल्या सुरात. तो सूर धरूनच रेडिओ बोलतो.

कारखाना बंद पडल्यावर आमची पिशवीच्या पिशवी एसेनकाननं घरी आणली. तो छापील आकड्यावर विश्वास ठेवणारा नव्हे. एकेकाला आधी बर्फाच्या वाडग्यात बसवायचा, मग चहाच्या किटलीला टेकवायचा आणि कुणाचा सूर किती ढळतो ते कान देऊन ऐकायचा. मी आणि भाऊ सारखेच ढळलो, सारखेच परत आलो.

"ही जोडी बुरुलसुन एजेला," तो म्हणाला. एजे म्हणजे थोरली बहीण. सख्खी नसली तरी इकडे तसंच म्हणतात.

बुरुलसुनचे गुडघे गेले, तेव्हापासून तिला वरच्या कुरणावर जाता येईना. नवरा कालमुरात मेंढ्या-घोड्या घेऊन उन्हाळाभर त्या कुरणावर, जैलूवर, ती खाली गावात. दिवस मावळताना रेडिओवर चार शब्द व्हायचे, तेवढाच तिचा संसार. मी तिच्या रेडिओत, भाऊ त्याच्या. दोघांचे सूर तंतोतंत जुळले, तरच माणसाचा आवाज माणसासारखा येतो. त्या जुन्या रेडिओंना सूर सावरायचं बटणच नव्हतं.

पहिली संध्याकाळ काय गोड गेली! दुसऱ्या आठवड्यात मात्र कालमुरातचा आवाज हंसाच्या केकाटण्यासारखा यायला लागला.

"हा माझा नवरा नाही," बुरुलसुन दुकानात येऊन म्हणाली. "माझा नवरा घोरतोसुद्धा याच्यापेक्षा बरा."

वरून खाली आलेल्या एका घोडेस्वाराकडून कारण कळलं. थंडी लागेल म्हणून कालमुरातनं रेडिओ लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळून चुलीशेजारी ठेवला होता, नुकत्या जन्मलेल्या कोकरासारखा. भाऊ आत उकडून निघत होता आणि त्याचा सूर उतरला होता.

एसेनकाननं निरोप धाडला, नमदा काढा. उलट निरोप आला, "तू दुकानात बसून सांगतोस. इथं बर्फ पडतंय. जी वस्तू माझ्या बायकोशी बोलते, तिला मी उघडी ठेवू?"

एसेनकाननं पिशवी पुन्हा उपडी केली आणि भावाच्या त्या उकडलेल्या सुराशी जुळेल असा एक परका स्फटिक निवडला. तो बसला माझ्या जागी आणि मी आलो काडेपेटीत. माझा काहीच बिघाड नव्हता. मी भावाच्या खऱ्या सुराशी जुळत होतो, एवढाच माझा दोष.

तर आता कळलं? नमदा निघाला याचा अर्थ भाऊ थंड झाला, आणि थंड झालेल्या भावाला मीच लागणार.

त्या दिवशी ऊन उतरताना बुरुलसुन काठी टेकत आली. "कालपासून हंस परत आला रे."

एसेनकाननं काही न विचारता काडेपेटी खिशात टाकली. तिच्या घरी जाऊन परक्याला उपटलं, मला बसवलं. वीज लागली. कितीतरी दिवसांनी मी थरथरलो, आणि पलीकडून भाऊ थरथरत होता, अगदी तसाच. मधे केवढा डोंगर, पण अंगाला अंग लागल्यासारखं वाटलं.

"नमदा कुठं घातलात?" बुरुलसुननं विचारलं.

"घोडी व्याली. शिंगरू बर्फातच पडलं. त्याला गुंडाळलाय." आवाज अगदी स्वच्छ आला, कालमुरातचाच.

"आणि रेडिओला थंडी नाही वाजत वाटतं?"

"वाजत असेल. पण तो थरथरत नाही."

बुरुलसुन हसली. मला मात्र ओरडून सांगावंसं वाटलं की बाबा, थरथरतोय, आम्ही दोघंही थरथरतोय.

"आज तुमचा आवाज लग्नाच्या वेळचा वाटतोय," ती म्हणाली.

मग तो म्हणाला, "शिंगरू पायावर उभं राहिलं की घालतो परत नमदा. रेडिओची काळजी करू नकोस."

म्हणजे तुर्सुनायची बातमी निम्मी खरी निघाली. नमदा काढला होता, पण माझ्यासाठी नव्हे आणि कायमचाही नव्हे.

शिंगरू लवकरच उभं राहिलं. चांगलं झालं, मी त्याचं वाईट चिंतत नाही. परका परत जागेवर बसला. एसेनकान मला खिशात घालणार, तेवढ्यात बुरुलसुननं काडेपेटी धरून ठेवली. "राहू दे इथंच. घोड्या काय एकदाच वितात?"

तेव्हापासून मी तिच्या रेडिओवर, काडेपेटीत असतो. दिवस मावळताना परक्याच्या गळ्यातून भावाचा तो उतरलेला, उबदार सूर ऐकतो. मी इथं आहे हे त्याला माहीत नाही.

तुमच्यापैकी कुणी त्या वाटेनं वर जाणार असेल, तर कालमुरातच्या घोड्यांकडे जरा बघून या. एखादी अजून गाभण असली, तर मला तेवढं कळवा.