मी वाजलेच नव्हते

मित्रांनो, बारामतीच्या एका कॉलेजात, सात नंबरच्या खोलीत राहणारी मी एक जुनी बाजाची पेटी. पुण्याच्या एका कारागिराने मला सागवानात घडवले, माझे पितळी सूर एकेक करून घासून जुळवले. कॉलेजात पुष्कळ वर्षे माझ्यावर स्वागतगीते वाजली. टाळ्याही मिळाल्या.

मग पहिल्या वर्षाला 'गणित आणि संगीत' हा नवा विषय आला. तो दीप्ती मॅडम शिकवायच्या. सा दाबून त्या फळ्यावर २४० लिहायच्या, पंचमाला ३६०, वरच्या सा ला ४८०. "एका सेकंदात सूर इतक्या वेळा थरथरतो," म्हणायच्या. समोर कऱ्हाटी गावची छकुली बसायची. भेंडी-गवारीचा मळा करणाऱ्या गोकुळरावांची ही मुलगी अपूर्णांकांना फार भ्यायची. एकदा सा आणि पंचम आलटून पालटून वाजवताना ती ओरडली, "मॅडम, ह्यो दीडपट हाय! कानालाबी कळतंय की!"

त्या दिवशी मला माझ्या जन्माचे सार्थक झाले असे वाटले.

दिवाळीनंतर मॅडमची तात्पुरती नेमणूक संपली आणि विषय नीळकंठ सरांकडे गेला. त्यांनी मला एकदाही उघडले नाही. हजेरीपत्रकात सगळे हजर, वर्गात छकुलीशिवाय कुत्रेही नाही. माझ्यावर चहाचे ग्लास ठेवले जात. कोणीतरी चघळलेले च्युइंगम माझ्या पट्टीखाली चिकटवले. उंदरांनी भाता कुरतडून आत पिल्ले घातली. त्या घाणीची मला शिसारी यायची. पण खरी किळस पुढेच होती.

तपासणी समिती येणार असे कळले. सरांनी मला वरवर पुसले, झेंडूचा हार घातला आणि मागे स्पीकर लपवला. छकुलीला बोलावून म्हणाले, "तू नुसती बोटं फिरव. आवाज मोबाइलवरून येईल."

"सर, भाता फाटलाय. ही वाजायची न्हाय."

"ते समितीला कशाला कळायला हवं? मार्क हवेत ना?"

समिती आली. छकुली माझ्यासमोर बसली. स्पीकरमधून सुरेख भूप राग सुरू झाला. चार-पाच स्वर झाले आणि तिने दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. भूप चालूच राहिला.

समितीतल्या इंदिराबाईंनी चष्मा सावरला. "हे काय चाललंय?"

"मॅडम, पेटी मेलीय. पर तिनं काय शिकवलं त्ये सांगू का?" छकुलीने फळ्यावर २४०, ३६०, ४८० लिहिले आणि पंचम दीडपट का, ते समजावले. इंदिराबाई मन लावून ऐकत होत्या. बाकीचे सदस्य म्हणाले, "चला, जेवण थंड होतंय." आणि सगळे उठले. इंदिराबाईही उठल्या. मित्रांनो, उंदरांच्या लेंड्यांपेक्षा मला त्या उठण्याचीच जास्त घृणा आली.

निकाल लागला. दिवाळीनंतर एकदाही वर्गात न आलेले सगळे पहिल्या श्रेणीत पास झाले. छकुली एकटी नापास झाली.

गोकुळराव कॉलेजात आले. "पोरी, फिरवली असतीस बोटं, तर काय बिघडलं असतं?"

"आबा, उद्या कुनी भेंडीवर रंग मारून इकायला सांगितलं, तर इकाल का तुमी?"

गोकुळरावांनी मान हलवली. म्हणाले, "न्हाय."

नापास म्हणून छकुलीला तो विषय पुन्हा घ्यावा लागला. पहिल्याच तासाला ती पाना आणि कापड घेऊन आली. नाकाला ओढणी बांधून तिने माझे पोट उघडले, घाण काढली, भात्याला ठिगळ लावले. माझे नऊ सूर अजून मुकेच आहेत, पण सा आणि पंचम बोलतात. कुतूहलाने तीन मुली तिच्याजवळ येऊन बसल्या आहेत.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. माझी पूजा करू नका. मला उघडून बघा. आणि मी वाजत नसेन, तर वाजते असे कोणाला सांगू नका.