एकोणीस मिनिटं कमी

आमचा पिक्चर चार जोड्यांच्या प्रेमाच्या गुंत्याचा होता आणि तो बरोबर एक आठवडा चालला. आठ जणांपैकी कोण कुणाच्या प्रेमात आहे हे मध्यंतरापर्यंत प्रेक्षकांना कळलं नाही, आणि मध्यंतरानंतर प्रेक्षकच उरले नाहीत, असं आमचा दिग्दर्शक अजून हसून सांगतो. मी त्या पिक्चरची संकलक. लेखक माझा नवरा.

त्याला बारा वर्षं झाली. परवा दिग्दर्शकाचा फोन आला. एक चॅनल पिक्चर घ्यायला तयार होतं, पण एकोणीस मिनिटं कमी करून.

"एक अख्खी जोडी उडव," तो म्हणाला. "कुठली ते तूच ठरव. माझ्यात आता ताकद नाही."

माझ्यात तरी कुठे होती? पण शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं. मागच्या खोलीतल्या कपाटातून जुनी डिस्क काढली, पुसली आणि बसले.

दोन जोड्या एकमेकींत इतक्या अडकलेल्या की एक ओढली की दुसरी उसवायची. त्यामुळे उडवण्यासारख्या दोनच उरल्या. एक, नर्स आणि बस-ड्रायव्हर. दुसरी, वीस वर्षं संसार केलेले नवरा-बायको. ते भांडत नाहीत, रुसत नाहीत. गॅस बंद केलास का, एवढंच विचारतात. बायको डोक्यावरचा चष्मा घरभर शोधते. ती मीच. नवऱ्याने मला न विचारता आम्हा दोघांना पिक्चरमध्ये घातलं होतं.

नर्सचं प्रकरण वेगळं. ड्रायव्हर झालेला नट भलताच मागणीतला. स्वतःचे शॉट देऊन तो पसार झाला आणि नर्सचे क्लोज-अप राहिले. अशा वेळी कुणीतरी कॅमेऱ्याशेजारी बसून नटाचे संवाद म्हणतं, नटी त्याच्याकडे बघून बोलते, आणि तो आवाज मागाहून काढून टाकतात. तिथे माझा नवरा बसला होता. लेखकच तो, संवाद सगळे पाठ.

आवाज काढायचं काम माझं. पहिल्या टेकला तो नुसतं पाठ म्हणत होता. सहाव्याला पाठ म्हणत नव्हता. 'कट' झाल्यावरही म्हणाला, "थांब ना." हे संहितेत कुठेच नव्हतं. आणि तिने ज्या नजरेने वर पाहिलं, ती नजर काही ड्रायव्हरसाठी नव्हती.

मी सहावा टेक लावला. चौथाही बरा होता, तो लावला असता तर कुणी हूं की चूं केलं नसतं. पण सहावाच सगळ्यात चांगला होता, त्याला मी काय करू? नवऱ्याचं लफडं मी स्वतःच्या हाताने नीटनेटकं करून पडद्यावर नेलं. असला मूर्खपणा आमच्याच धंद्यातली बाई करू जाणे.

दुपारी नवरा चहा घेऊन आत आला. समोर नर्सचा चेहरा थांबवलेला. तो कप ठेवून उभाच राहिला.

"ही काढ," तो म्हणाला.

"का?"

"काढ ना. कुणाला आठवतेय ती!"

"सहावा टेक आहे. तू 'थांब ना' म्हणालास तो."

तो हळूच स्टुलावर बसला. "तुला कधीपासून माहितीये?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"वीस दिवसांत पिक्चर द्यायचा होता. आणि नंतर राहून गेलं."

खरंच राहून गेलं. पिक्चर पडला तेव्हा हा भिंतीकडे तोंड करून झोपायचा. अशा माणसाशी काय भांडायचं? मग सासूबाईंचं आजारपण निघालं. राग आला होता, खूप आला होता. पोटात ठेवून ठेवून तो कधी शिळा झाला, कळलंही नाही.

"तिची काढ, आपली ठेव," तो म्हणाला. "ती मी मनापासून लिहिली होती गं."

हे बारा वर्षांपूर्वी म्हणाला असता तर मी विरघळले असते. आता मी आमची एकोणीस मिनिटं लावली. त्याच्याशेजारी बसून अगदी इमानदारीत बघितली, सहाव्या टेकसारखं काहीतरी कुठेतरी सापडेल म्हणून. एक तरी नजर सापडावी, असं मला फार वाटत होतं. अकराव्या मिनिटाला मला डुलकी लागली. जागी झाले तेव्हा तोही पेंगत होता.

त्याला हलवून उठवलं आणि त्याच्यासमोरच ती जोडी काढली. मग दिग्दर्शकाला फोन लावला. चहाचा कप हातात होता म्हणून स्पीकरवरच लावला.

"कुठली काढलीस?"

"नवरा-बायकोची."

"बरं केलंस," दिग्दर्शक म्हणाला. "ते दोघं होते हेसुद्धा कुणाला कळणार नाही."

मला रडू यायला हवं होतं. मी त्याला विचारलं, फाइल कुठे पाठवू?