काथवटीचं दुसरं टोक

फुगीचा दादा लग्न करून सासऱ्याच्या दुकानात बसायला गेला, त्या वर्षीची ही गोष्ट. बाबांनी लग्नात पोटभर जेवून घेतलं, सुनेला तोंडभरून आशीर्वाद दिला, आणि घरी येऊन लेकाशी जो अबोला धरला तो धरलाच. कारण त्यांच्या बेकरीत पीठ मळायची लाकडी काथवट होडीसारखी लांब होती आणि ती दोघांनी मिळून मळायची असा आजोबांपासूनचा शिरस्ता होता. एक माणूस या टोकाला, एक त्या टोकाला. याने ढकललं की त्याने ओढायचं. दादा गेला आणि त्याचं टोक धाकट्या बहिणीच्या गळ्यात पडलं.

तिचं नाव कागदावर वेगळं होतं, पण रुसली की गाल असे फुगायचे की घरात सगळे तिला फुगीच म्हणत.

काथवटीच्या बरोबर वर मास्तरांची खोली होती. पूर्वी वरच्या मजल्यावर पिठाची पोती ओढून ठेवत, त्यासाठी छताला चौकोनी भोक होतं. पोती गेली, भाडेकरू म्हणून मास्तर आले, भोक तसंच राहिलं. मास्तर एक जुनी भाषा शिकवत. आता ती कुणाच्याच घरात बोलली जात नव्हती. दगडांवर आणि पुस्तकांत तेवढी उरली होती. त्यांचे विद्यार्थी वर मोठ्याने ओळी म्हणायचे आणि खाली त्या ठेक्यावर पीठ मळलं जायचं. लहानपणी फुगीची पक्की समजूत होती की ही पिठाची भाषा आहे, ती कानावर पडल्याशिवाय पीठ फुगत नाही. एकदा खमीर बसलं, पीठ फुगलंच नाही, तेव्हा तिने खालूनच आवाज दिला होता, "मास्तर, आज कुणीतरी चुकीचं म्हटलंय!"

"म्हटलंय खरं!" मास्तर भोकातून वाकून म्हणाले. "वर ये, कोण चुकलं ते शोध."

ती वर गेली, आणि जवळजवळ वरचीच झाली.

पुढे विद्यार्थी गळत गेले आणि शेवटी फुगी एकटी उरली. मास्तरांच्या पायांनीही दगा दिला. त्यांनी खाट भोकाशेजारी सरकवून घेतली. ते वरून विचारायचे, ही कोपरापर्यंत पिठात हात घालून खालून उत्तर द्यायची. अडलेला शब्द ती ओट्यावरच्या पिठात बोटाने लिहून ठेवायची आणि आई फडकं मारून पुसायची.

"आई, ते क्रियापद होतं!"

"असेल. आता पाव ठेवायला जागा आहे."

एक दिवस फुगीने विषय काढला. "मास्तर म्हणतात, मी विद्यापीठाच्या परीक्षेला बसावं. पास झाले तर तिकडेच राहून शिकता येईल."

बाबांनी पीठ दणकन ढकललं. "मेलेल्या माणसांशी बोलायला विद्यापीठ? जिवंत गिऱ्हाइकाशी तरी धड बोलतेस का?"

"तुमच्यावर गेलीय," आई गल्ल्यावरून म्हणाली.

"आणि या टोकाला कोण उभं राहणार? तू?"

"माझ्या कमरेचं नाव काढायचं नाही."

"बघ," बाबा फुगीला म्हणाले. "आधी तो गेला, आता तू. मी काय दोन्ही टोकांना पळत मळू?"

फुगीचे गाल फुगले. पण ती रुसून बसली नाही. "परीक्षेपर्यंत मळेन पण आणि शिकेन पण," ती म्हणाली. "पिठात खडा सापडला तर तेव्हा बोला." तिने तसंच केलं. बाबांनी खडा शोधायची कसर सोडली नाही; सापडला नाही.

बाबांची एक लाडकी कविता होती. अर्थ ठाऊक नव्हता, पण ठेका दणदणीत, ढकल-ओढीला अगदी बेतून केल्यासारखा. "लढाईचं गाणं आहे," ते गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचे. "नुसतं ऐकलं तरी मनगटात बळ येतं." फुगीलाही ते खरंच वाटायचं. ती कविता इतकी तोंडात बसली होती की तिचा अर्थ बघावा असं कधी सुचलंच नव्हतं. मग मास्तरांनी नेमकी तीच तिला अर्थ लावायला दिली.

मळता मळता शब्द एकेक करून उघडायला लागले. फुगीचे हात थांबले.

"काय झालं?" बाबा म्हणाले. "ओढ ना."

"बाबा, हे लढाईचं गाणं नाही."

"मग कसलं?"

"एक बाई मागावर कापड विणतेय. दुसऱ्या टोकाला तिचा भाऊ बसायचा. तो मेलाय. ती म्हणते, वीण अर्धी राहिली, एक टोक माझ्या हातात आहे, दुसरं धरायला ये."

"अरे देवा! आणि मी आख्ख्या गल्लीला..." बाबांनी कपाळाला हात लावला, कपाळ पांढरं झालं. मग त्यांची नजर काथवटीवर गेली. "मग दुसरं टोक कोण धरतं?"

"पुढचं अजून लागलं नाही. अवघड आहे."

बाबांनी मान वर केली. "मास्तर! पुढं काय होतं?"

"पोरीला विचारा! मी सांगितलं तर परीक्षेत ती कुणाचं तोंड बघेल?"

"कमाल आहे! माझ्याच घरात राहून मलाच सांगत नाही!"

तेव्हापासून बाबांनी फुगीचं डोकं खाल्लं. सकाळी भट्टी पेटली की "लागलं का?", दुपारी जेवताना "लागलं का?" शेवटी एक दिवस म्हणाले, "गोळे मी करतो. तू जा, ती ओळ लाव."

फुगी म्हणाली, "दुसरं टोक बहुतेक शेजारणीला देते."

वर मास्तरांची काठी आपटली. "चूक!"

"चूक म्हणतायत," बाबा काळजीने म्हणाले. "पुन्हा बघ."

तिने पुन्हा बघितलं. शब्दकोशाच्या पानांना पिठाचे ठसे उमटले. दोन दिवस पाव तिच्याशिवाय भाजला गेला आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी ती जिन्यावरून धावतच खाली आली.

"दाराच्या खांबाला बांधते, बाबा! दुसरं टोक खांबाला बांधते आणि एकटी विणायला बसते."

वर काठी वाजली नाही.

"एकटी?" बाबांनी विचारलं. "जमतं तिला?"

"ते कवितेत नाही. विणायला बसते, तिथे कविता संपते."



दुसऱ्या दिवशी पहाटे ती खाली आली, तर काथवट जागेवर नव्हती. बाबांनी ती ओढत नेऊन भिंतीला टेकवली होती. दुसरं टोक भिंतीला घट्ट रेटलेलं होतं, आणि बाबा घामाघूम होऊन एकटेच मळत होते. पीठ एका बाजूला गोळा होत होतं.

"बघतेस काय?" ते धापा टाकत म्हणाले. "भिंत ओढत नाही, पण लग्न करून पळतही नाही. जा वर, अभ्यास कर. नापास होऊन आलीस तर या घरात पाय ठेवू नकोस."

"पास झाले तर?"

"तर सुट्टीत ये. आणि येताना अशी एखादी कविता आण, ज्यात कुणी मरत नाही."

फुगी पास झाली आणि गेली. त्यानंतर पीठ मळताना बाबा स्वतःच त्या ओळी म्हणत; ते चुकले की वरून काठी वाजे, आणि ते ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हणत. त्याच हिवाळ्यात दादाला मुलगी झाली. त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, पहिला पाव भट्टीतून निघत असताना मास्तर वारले. दुसऱ्या दिवशी मळताना बाबा चुकले, वरून काठी वाजली नाही, तरी त्यांनी ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हटली.