डब्याचं झबलं

कॉलेजात पर्यावरण शिकायचं म्हटलं की शेवटच्या वर्षी लोकांत जाऊन काम करावं लागतं. त्याला इंटर्नशिप म्हणायचं. म्हणजे पगाराच्या नावानं शंख, डोक्यावर ऊन, आणि ज्यांना रोज धुराने खोकून खोकून बेजार व्हायला होतं त्यांनाच जाऊन सांगायचं, की धूर वाईट असतो बरं का!

अशाच एका पोरीच्या वाट्याला ट्रकच्या तळामागची गल्ली आली. सरांनी काम नेमून दिलं होतं. घरोघरी एक पांढरा डबा भिंतीला लावायचा. आतला इवलासा पंखा खालच्या जाळीतून हवा ओढतो, धूर-धूळ मोजतो आणि आकडा थेट फोनवर पाठवतो. "पण आकड्यांवर विसंबू नका," सर म्हणाले होते, "दर आठवड्याला आत जाऊन डबा डोळ्यांनी बघायचा." पोरांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय जातं!

गल्लीने तिचं बारसं पहिल्याच दिवशी उरकलं. "आली गं हवावाली, नाकं पुसून घ्या!" असं ओरडून बायका हसायच्या. तीही हसायची. स्वभावाने गोड होती, लोकांना आवडायची, आणि घात तिथेच झाला.

सगळ्यात जीव लावला तो शिवणवाल्या मावशींनी. नवरा केव्हाच गेलेला. पुढच्या खोलीत शिलाई मशीन आणि गिऱ्हाइकांचा राबता, मागच्या खोलीत चूल आणि लेकीची खाट. लेक चिमी, दुसरीतली, तोंडाची टकळी अखंड चालू. छाती मात्र नाजूक. हवा गार झाली, पहाटे तळावर ट्रक धडधडायला लागले की पोरीला धाप लागायची. म्हणून थंडीत मावशी तिला दूर मोकळ्या माळावर राहणाऱ्या आत्याकडे धाडायच्या. दर वर्षी दोघी रडून गोंधळ घालायच्या.

डबा खाटेच्या वर लागला. चिमीने विचारलं, "ताई, हा श्वास घेतो?"

"घेतो की. तुझ्यासारखाच."

"त्याला पण धाप लागते?"

"लागली की मला फोन करतो," ती म्हणाली, आणि तिघी हसल्या.

"तुझ्या डब्याला धक्का लागू देणार नाही हो," मावशी म्हणाल्या. "पोटच्या पोरासारखा सांभाळीन."

सुरुवातीला हवावाली आत जाऊन डबे बघायची. मग परीक्षा आली, आणि आकडे तर घरबसल्या फोनवर येतच होते. ती दारातूनच विचारपूस करायला लागली. मावशींकडे गिऱ्हाईक असायचं, ती पायरीवरूनच हात हलवायची. अशात तिला दिसलं, की सगळ्या गल्लीचे आकडे लाल आणि एकट्या मावशींचा हिरवागार! पोरगी हरखली. आनंदाच्या भरात धावत पायरीपर्यंत गेली.

"मावशी, अख्ख्या गल्लीत तुमच्या घरातली हवा सगळ्यात चांगली!"

मावशींनी मशीन थांबवलं. आयुष्यात कधी पहिला नंबर आला नव्हता बिचारीचा. "खरंच? रोज पुसून काढते बाई मी खोली." मग जरा घुटमळल्या. "मग यंदा हिला आत्याकडे नाही पाठवली तर चालेल? पिशवी भरून ठेवलीय, पण रडून जीव खाते गं."

हवावालीने पुन्हा एकदा फोन बघितला. हिरवा.

"कशाला पाठवता? राहू द्या की तुमच्याजवळ."

आतून चिमीने "हुर्रे!" केलं ते गल्लीभर ऐकू गेलं.

थंडीने जोर धरला. एका पहाटे चिमीला धाप लागली ती थांबेना. शेजारच्यांनी रिक्षा आणली, पण दवाखान्याच्या दारापर्यंत पोरीने दम धरला नाही.

सरांनी फोन करून सांगितलं, तेव्हा हवावालीने आधी काय केलं असेल, तर त्या पहाटेचा आकडा बघितला. हिरवाच होता.

सुतकाचे दिवस सरल्यावर ती डबा काढायला गेली. मशीनवर चादर टाकलेली. मागच्या खोलीत मावशी खाटेच्या कडेला बसल्या होत्या. हवावालीने वर बघितलं.

डब्याला कपडे घातले होते. फुलाफुलांचं, जाड अस्तराचं, आतून कापसाचा थर दिलेलं, खाली इलॅस्टिक लावून गच्च बसवलेलं झबलं. जाळी पार झाकून गेलेली. डबा इतके दिवस त्या कापसातून गाळलेली हवा मोजत होता.

"चिमीने शिवून घेतलं," मावशी म्हणाल्या. "तिच्याच फ्रॉकचं उरलेलं कापड. म्हणाली, आई, त्याला पण थंडी वाजते. पाठच लागली. डबा ने, पण ते झबलं मला दे."

हवावालीने ते काढून दिलं. मावशींनी ते मांडीवर घेतलं, सुरकुत्या काढल्या आणि तिच्याकडे बघितलं.

"तू शिकलेली आहेस. मला खरं सांग. हवा तर चांगली होती ना? तूच म्हणालीस. मग माझंच चुकलं. आदल्या दिवशी मी तिचे केस धुतले. नीट पुसले नाहीत. त्यानेच गेली ना ती?"

खरं सांगायचं म्हणजे या बाईला सांगायचं, की तुझ्या मांडीवर जे आहे त्याने घात केला, आणि ते तुझ्या लाडक्या लेकीने हट्टाने शिवून घेतलं. हवावालीला वाटलं, पळून जावं.

"नाही मावशी. हवा चांगली नव्हती. वाईट होती. डबा बिघडला होता. आत येऊन बघायचं माझं काम होतं, मी आले नाही. पायरीवरून सांगून मोकळी झाले."

यात डबा बिघडला होता एवढंच खोटं होतं.

मावशी उठल्या. "पाठवत होते मी तिला! पिशवी भरली होती!" म्हणत त्यांनी तिच्या खांद्यावर, पाठीवर, तोंडावर मारायला सुरुवात केली. पोरीने हात वर केला नाही. शेजारच्या वहिनी धावत आल्या आणि त्यांनी मावशींना कवेत धरून मागे ओढलं.

"जा गं बाई तू," वहिनी म्हणाल्या. "परत येऊ नकोस."

ती डबा उचलून बाहेर पडली. पाठीमागे मावशींनी हंबरडा फोडला होता.

"ऐकलंत ना, वहिनी? केसांमुळे नाही गेली. मी काही नाही केलं हो. मी काही नाही केलं माझ्या लेकराला."

गल्ली संपली तरी हवावालीला ते ऐकू येत होतं.