आईच्या हातांची डिस्क

मित्रांनो, मी एक जुना डीव्हीडी ड्राइव्ह आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेही नसेल. चपटा काळा डबा, पुढून बाहेर येणारा ट्रे आणि पोटात लेझरचा बारीकसा डोळा, एवढाच माझा पसारा. कारखान्यात तो डोळा बसवणाऱ्या बाईने माझी तपासणी झाल्यावर पाठीवर टिचकी मारली आणि "चल, लाग कामाला," म्हणाली. तेव्हा मला वाटले होते, आपल्याला आता मरण नाही. नव्याचा माज, दुसरे काय!

मी आलो एका घड्याळजींच्या घरी. घरात ते, त्यांची बायको, मुलगा आणि धाकटी लेक. लेकीला सगळे बिट्टी म्हणत. आई जन्मापासून बहिरी होती. तोंडाने ती बोलत नसे. हातांनी मात्र इतकी बोलायची, की घड्याळजी कधीकधी वैतागून डोळेच मिटून घ्यायचे. मग ती त्यांच्या पापण्या उघडून उरलेले भांडण पुरे करायची आणि मुले हसून लोळायची. शेजारणीची नक्कल, मुलांना रागावणे, सगळे बोटांतून भरभर चाले. ही भाषा कुठल्या शाळेतली नव्हती. या चौघांनी ती घरीच घडवली होती, त्यामुळे बाहेरच्या कोणाला त्यातले ओ की ठो कळत नसे.

घड्याळजी तिचे व्हिडिओ काढायचे आणि माझ्याकडून त्यांच्या डिस्क करून घ्यायचे. सुटीच्या दिवशी सगळे मिळून त्या बघत. "बोटन् बोट दिसतंय बघ!" असे ते म्हणाले, की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

मग आई आजारी पडली. बिट्टी परगावी नर्स होती. तिला रजा मिळेना. एक दिवस आईने कॅमेरा स्टुलावर ठेवायला लावला आणि सगळ्यांना खोलीबाहेर काढले. हे फक्त बिट्टीसाठी, असे तिने बजावले. घड्याळजींनी तो शब्द पाळला. त्यांनी काही न बघता त्याची डिस्क केली आणि कॅमेऱ्यातले पुसून टाकले.

बिट्टी पोहोचली तेव्हा आई गेलेली होती. तिने डिस्क हातात घेतली आणि परत कपाटात ठेवली.

"आत्ता नको, बाबा. माझ्याच्यानं बघवणार नाही."

त्यानंतर कित्येक वर्षे ती डिस्क कपाटात राहिली आणि मी त्याच कपाटावर धूळ खात पडलो.

परवाच्या उन्हाळ्यात बिट्टीचा फोन आला. "दादा, मी आई होणार आहे. आता बघेन म्हणते आईचं. पण माझ्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोयच नाही रे."

"एवढंच ना? फाइल करून ठेवतो. तू फक्त ये."

दादा मनाने वाईट नाही, हे आधीच सांगतो. त्याला गाण्याच्या मैफलींचा भारी नाद. मैफलींच्या डिस्क पेन ड्राइव्हवर बसवण्यासाठी त्याने खपून सेटिंग जमवले होते. आवाज उत्तम ठेवायचा आणि चित्रावर काटकसर करायची. व्हिडिओ म्हणजे भरभर पुढे सरकणारी चित्रे. त्यातली निम्मी गाळायची, उरलेल्यांतले बारीकसारीक पुसून टाकायचे. गवई एका जागी बसलेला असतो, त्यामुळे काही बिघडत नाही. तेच सेटिंग त्याने घरातल्या सगळ्या डिस्कना लावले.

घड्याळजी त्याच्या मागे उभे होते. "अरे, आईचे हात नीट येतील ना?"

"बाबा, सुरुवातीचा तुकडा करून बघितला मी मोबाइलवर. काय छान दिसतेय आई!"

सुरुवातीला आई हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती. पुढचे त्याने बघितले नाही, कारण ते बिट्टीचे होते. त्याचा चांगुलपणाच नडला.

डिस्क जुनी, चरे पडलेली. मी जिवाचे रान केले. अडेल तिथे मागे जाऊन पुन्हा पुन्हा वाचले आणि शेवटपर्यंत एकही चित्र चुकवले नाही. मी देत होतो आणि पलीकडे कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम निम्मे टाकत होता. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

काम संपल्यावर दादाने सगळ्या डिस्क मोडून भंगारात दिल्या. घरच्या गोष्टी कोणा परक्याच्या हाती लागू नयेत म्हणून.

बिट्टी आली. टीव्हीसमोर पोटावर हात ठेवून बसली. पडद्यावर आईने गालावर दोनदा बोट टेकवले. ती बिट्टीला अशीच हाक मारायची. बिट्टी हसली, रडली, पुढे सरकली. मग आईचे हात नेहमीसारखे पळू लागले आणि बोटे विरघळली. छातीसमोर नुसता एक पुसट पट्टा हलत राहिला. खोलीतल्या पंख्याची घरघर मात्र इतकी स्वच्छ येत होती, की पंखा समोर असल्यासारखा वाटावा.

"दादा, बोटं कुठायत? काय म्हणतेय ती?"

"थांब, सेटिंग बदलून परत करतो..." दादा उठला आणि तसाच उभा राहिला. "डिस्क मोडल्या मी, बिट्टे. सगळ्या."

"बाबा, तुम्ही तरी सांगा! तुम्हाला काही म्हणाली होती का?"

"नाही गं. मी दाराबाहेर होतो."

बिट्टीने माझा ट्रे उघडला. तो रिकामा होता. मी नुसता वाचून पुढे देतो. माझ्यापाशी काही राहत नाही. आणि राहिले असते तरी ती भाषा मला कुठे येत होती? ते सगळे बोलणे एकदा माझ्या डोळ्यासमोरून गेले आहे. त्याचा आता कोणाला काडीचाही उपयोग नाही.

मित्रांनो, जुने काही नव्यात उतरवताना ते कमी जागेत कसे बसेल हे नंतर बघा. त्यात जपायचे काय आहे, ते आधी विचारा. ज्याचे आहे त्याला शेवटपर्यंत दाखवा आणि तोवर मूळ प्रतीला हात लावू नका. माझे एवढे ऐका. या घरात हे सांगून काही परत यायचे नाही.

बिट्टी अजून इथेच आहे. ती रोज तो व्हिडिओ लावते, पडद्याशी बसून त्या पुसट पट्ट्यासोबत आपले हात हलवून बघते आणि घड्याळजींना विचारते, "बाबा, असं म्हणाली असेल का?"

घड्याळजी तिच्या बोटांत आईचा एखादा शब्द ओळखू येतो का ते बघतात आणि नाही म्हणून मान हलवतात.